करभाराची तुलना आणि रयतेचे स्थलांतर : सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील दख्खनचा एक अभ्यास

प्रस्तावना

कर हा राज्यसंस्थेचा कणा मानला जातो. करावाचून खजिना नाही, खजिन्यावाचून सैन्य नाही आणि सैन्यावाचून राज्य नाही, हे सूत्र प्राचीन भारतीय राजनीतिशास्त्रापासून सर्वमान्य आहे. परंतु कर देणारा माणूस एका जागी बांधलेला असतोच असे नाही. एका राज्यातील करभार असह्य झाला आणि शेजारच्या राज्यात तो हलका असला, तर करदाता आपले बिऱ्हाड हलवू शकतो. आधुनिक काळात अमेरिकेतील फ्लोरिडा, टेक्सास यांसारख्या राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा प्राप्तिकर नसल्यामुळे तेथे राहावयास जावे की नाही, याचा हिशेब अनेक कुटुंबे करतात. चार्ल्स टिबू या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच वर्तनाला सैद्धांतिक रूप दिले. नागरिक कर आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या सोयी यांची तुलना करून आपले वसतिस्थान निवडतात, असे त्याचे प्रतिपादन होते.

ही तुलना आधुनिक काळाची देणगी आहे असा समज मात्र बरोबर नाही. दख्खनच्या रयतेने ती शतकानुशतके केली आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात नवा जनपद वसविताना परक्या देशातील लोकांना आपल्याकडे आणावे, त्यांना करात सवलत द्यावी, बी-बियाणे व जनावरे पुरवावीत असे सुचविले आहे. म्हणजेच शेजारच्या राजाची प्रजा आपल्याकडे ओढणे हे राज्यवृद्धीचे मान्य साधन होते. प्रस्तुत शोधनिबंधात सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील दख्खनमध्ये, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात, करभाराची तुलना करून होणारे स्थलांतर आणि त्याचा राज्यकर्त्यांच्या महसूल धोरणावर झालेला परिणाम यांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

१) मराठा कालखंडातील रयतेच्या स्थलांतराची कारणे व स्वरूप समजून घेणे.
२) रयतेला आपल्या मुलखात आणण्यासाठी किंवा टिकविण्यासाठी राज्यकर्त्यांनी योजलेल्या उपायांचा आढावा घेणे.
३) स्थलांतराची संधी समाजातील सर्व घटकांना सारखी उपलब्ध होती काय, हे तपासणे.
४) ब्रिटिश महसूल व्यवस्थेमुळे या परिस्थितीत झालेला बदल स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ऐतिहासिक पत्रे, बखरी, इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल आणि दुय्यम ग्रंथ यांतील सर्वमान्य माहितीचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

१. भूमी मुबलक, माणूस दुर्मिळ

आज जमिनीचा तुकडा मिळविण्यासाठी भावाभावांत तंटे होतात. सतराव्या शतकातील चित्र नेमके उलटे होते. जमीन भरपूर होती, परंतु ती कसणारे हात कमी होते. १६३०-३२ च्या भीषण दुष्काळाने आणि त्याच सुमारास झालेल्या लष्करी विध्वंसाने पुणे परगणा उजाड झाला. गावे ओस पडली व शेतांत रान माजले. अशा वेळी राजाच्या दृष्टीने खरी संपत्ती जमीन नव्हती, तर नांगर धरणारा कुणबी होता. पडीत जमिनीचा महसूल कोणालाच मिळत नव्हता.

याच कारणाने करभाराची तुलना करणारा शेतकरी राज्यकर्त्यांच्या चिंतेचा विषय होता. दख्खनच्या राजकीय भूगोलाने या तुलनेला आणखी वाव दिला. आदिलशाही, निजामशाही, मोगल आणि मराठे यांच्या सीमा कधी स्थिर नव्हत्या. पुढे अठराव्या शतकात मराठे व हैदराबादचा निजाम यांचे प्रदेश परस्परांत इतके गुंतले की काही गावांत दोन्ही सत्तांचा अंमल चाले. त्यांना दुअंमली गावे म्हणत. त्यातच जहागीरदार, सरंजामदार व इनामदार यांची गावे मधूनमधून विखुरलेली असत. परमुलखात जावयाचे म्हणजे नेहमी दूरदेशी जावे लागे असे नाही. पुष्कळदा नदी ओलांडली किंवा दोन-तीन कोस चालले तरी दुसऱ्या धन्याचे गाव लागे. तेथील पाटील कोणत्या दराने जमीन लावून देतो, पट्ट्या किती, वेठ-बिगार किती, याची बातमी बाजारात, जत्रेत आणि सोयऱ्या-धायऱ्यांत सहज मिळे.

२. कौल आणि इस्तावा

ओसाड मुलूख वसविण्यासाठी जी पद्धत रूढ होती तिची दोन मुख्य अंगे म्हणजे कौल आणि इस्तावा. कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेले लेखी अभय व शर्तींचे आश्वासन. इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षी अगदी थोडा सारा घेऊन तो दरसाल पायरीपायरीने वाढवीत नेण्याची व्यवस्था. काही वर्षांनी जमीन पुरती लागवडीला आली म्हणजे पूर्ण सारा सुरू होई. पुणे जहागिरीची व्यवस्था दादोजी कोंडदेव यांच्याकडे असताना याच रीतीने चढत्या दराचा सारा बसविला गेला आणि शेवटी तो मलिक अंबरच्या धाऱ्याशी आणून ठेवला गेला, अशी माहिती परंपरेने मिळते. मलिक अंबर १६२६ मध्ये मरण पावला, तरी त्याचा धारा पुढे कित्येक वर्षे तुलनेचे माप म्हणून वापरला जात होता, ही बाब लक्षणीय आहे. रयतेच्या मनात करभाराची एक स्मृती असते आणि नवा कर त्या स्मृतीशी ताडून पाहिला जातो, हे यावरून दिसते.

मोगलांच्या बाजूनेही असेच प्रयत्न झाले. १६५० च्या दशकात दख्खनचा दिवाण असलेल्या मुर्शिद कुली खानाने उजाड गावे पुन्हा वसविण्यासाठी तगाई देऊन बैल व बियाणे घेण्याची सोय केली. औरंगजेबाने १६६५ मध्ये रसिकदास या अधिकाऱ्यास पाठविलेल्या फर्मानातही रयत गाव सोडून का जाते याची चौकशी आणि लागवड वाढविण्याची काळजी स्पष्ट दिसते. परस्परांशी लढणाऱ्या सत्ता एकाच कुणब्यासाठी स्पर्धा करीत होत्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

३. शिवकालीन धोरण

छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रव्यवहारात या स्पर्धेची पूर्ण जाणीव आढळते. या संदर्भात तीन पत्रे विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले पत्र डिसेंबर १६७१ मधील असून ते कुडाळच्या नरहरी आनंदराव यांस लिहिलेले आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडत असल्यामुळे व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडेल, अशी भीती होती. यावर उपाय म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, असा हुकूम महाराजांनी दिला. व्यापारी दोन मुलखांतील किमती व जकाती यांची तुलना करतो आणि जिकडे फायदा तिकडे जातो, हे गृहीत धरूनच हा निर्णय घेतलेला आहे.

दुसरे पत्र चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्करास उद्देशून असून ते १६७४ च्या सुमाराचे मानले जाते. लष्कराने रयतेकडून दाणागोटा, गवत, भाजीपाला जबरदस्तीने घेतल्यास जे कुणबी अद्याप घर धरून राहिले आहेत तेही निघून जाऊ लागतील आणि रयतेला आपले लष्कर मोगलांपेक्षाही वाईट वाटेल, असा इशारा त्यात आहे. येथे तुलना केवळ साऱ्याची नाही. अनधिकृत वसुली, लूट आणि अपमान हाही करभाराचाच भाग आहे, हे त्यात मान्य केले आहे.

तिसरे पत्र ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले आहे. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत. ज्याच्याजवळ मनुष्यबळ आहे पण बैल किंवा धान्य नाही त्यास ते द्यावे. दिलेली रक्कम व्याज न लावता त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावी. यासाठी मोठा खर्च झाला तरी चालेल, असा त्याचा आशय आहे. सभासद बखरीतही नव्याने येणाऱ्या रयतेस गुरे, बीज आणि धान्य देऊन ते दोन-चार वर्षांत उगवून घ्यावे अशी व्यवस्था सांगितली आहे. रयतेविषयीची कणव आणि राज्याचा हिशेब या दोन्ही गोष्टी या धोरणात एकत्र आल्या आहेत. एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.

४. पेशवेकाल : मिरासदार आणि उपरी

अठराव्या शतकातील ग्रामव्यवस्थेत शेतकऱ्यांचे दोन मुख्य वर्ग होते. मिरासदार किंवा थळकरी हा जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार होता. उपरी हा बाहेरून आलेला, ठराविक मुदतीच्या किंवा सालोसालच्या कराराने जमीन कसणारा शेतकरी होता. करभाराच्या तुलनेत हे दोघे सारखे उभे नव्हते.

उपरी शेतकऱ्याचे बिऱ्हाड हलके होते. तो जेवढी जमीन कसे तेवढ्याचाच सारा भरी आणि कौलाच्या सवलतीचा दर त्यालाच मिळे. मिरासदाराला मात्र शेत पडीक राहिले तरी साऱ्याची जबाबदारी चुकत नसे. त्याचा दर बहुधा चढा असे आणि प्रसंगी त्याच्यावर मिरासपट्टीसारखी जादा पट्टीही बसे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात आणि विल्यम चॅप्लिन याने १८२२ च्या अहवालात या भेदाची दखल घेतली आहे.

तर मग मिरासदार जमीन सोडून उपरी का होत नसे? याचे उत्तर केवळ पैशांत सापडत नाही. मिरासदाराला गावच्या कारभारात स्थान होते, लग्नसंबंधात प्रतिष्ठा होती, मानपान होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला परत येण्याचा हक्क होता. दुष्काळाने किंवा करभाराने गांजून तो परागंदा झाला, तर सरकार त्याची जमीन तात्पुरती उपऱ्याला लावून देई. परंतु कित्येक वर्षांनी तो किंवा त्याचा वारस परतला आणि त्याने बाकीचा निकाल लावला, तर मिरास त्याला परत मिळण्याची वहिवाट होती. त्यामुळे मिरासदाराचे जाणे हे अनेकदा कायमचे स्थलांतर नव्हते, तर एक प्रकारची प्रतीक्षा होती.

याशिवाय स्थलांतर हे केवळ वैयक्तिक नव्हते. कमाविसदाराची मागणी अवाच्या सवा झाली तर पाटलासह सबंध गाव उठून शेजारच्या मुलखात जाई. मग सरकारकडून कौल येई, बोलणी होत, काही बाकी सोडली जाई, काही पट्ट्या माफ होत आणि गाव परत येई. आजच्या भाषेत यास करवाटाघाट म्हणता येईल. गाव सोडण्याची शक्यता हेच रयतेच्या हातातील मुख्य शस्त्र होते. लेखी कायदा नसताना करवाढीला जी मर्यादा पडत होती ती पुष्कळ अंशी या शक्यतेमुळे पडत होती.

व्यापारी आणि कारागीर यांच्या बाबतीतही हेच धोरण दिसते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात सावकार व व्यापारी हे राज्याची शोभा असून परमुलखातून त्यांना आणून वसवावे, असा विचार मांडला आहे. पुण्यातील नव्या पेठा वसविताना व्यापाऱ्यांना काही मुदतीपर्यंत करांत सूट देण्याचे कौल दिले जात आणि पेठेची जबाबदारी शेटे-महाजनांवर सोपविली जाई.

५. ज्यांना जाता येत नव्हते

येथवरच्या विवेचनावरून दख्खनचा प्रत्येक माणूस मुक्तपणे मुलूख निवडत होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्थलांतरासाठी बैल, चार महिन्यांचे धान्य आणि नव्या गावी ओळख लागते. बलुतेदारांची उपजीविका त्या-त्या गावच्या वतनावर अवलंबून होती. सुताराला किंवा न्हाव्याला दुसऱ्या गावी हक्काचे बलुते मिळत नसे, कारण तेथे त्या वतनाचा धनी आधीच असे. महार वतनदारांवर तर वेठ-बिगारीचा आणि सरकारी चाकरीचा बोजा सर्वांत अधिक होता. तो साऱ्याच्या आकड्यात कोठेही दिसत नाही. स्त्रियांच्या वाट्याला स्थलांतराचे कष्ट आले, निर्णयाचा अधिकार क्वचितच आला.

सावकारी कर्ज हाही एक पाश होता. डॉ. थॉमस कोट्स याने १८२० च्या सुमारास पुण्याजवळील लोणी गावाचे जे वर्णन लिहिले त्यात तेथील बहुतेक शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी असल्याचे नोंदविले आहे. कर्जबाजारी माणसाला दूरच्या गावातील हलका सारा दिसत असला तरी तेथे पोचणे सोपे नसे. म्हणून करभाराच्या तुलनेचा लाभ प्रामुख्याने ज्यांच्याजवळ थोडेफार साधन आहे पण वतनाचे ओझे नाही अशा वर्गाला मिळाला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मक्त्याने मामलती देण्याची पद्धत बळावली तेव्हा मक्तेदाराने वसुलीचा जोर वाढविला आणि ही विषमता अधिकच तीव्र झाली.

६. ब्रिटिश अंमल : प्रिंगल ते विंगेट

१८१८ मध्ये पेशवाई संपली. नव्या सरकारने जमिनीची शास्त्रीय मोजणी करून सारा ठरविण्याचा संकल्प केला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंडसिद्धांताच्या प्रभावाखाली निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के इतका सरकारी हिस्सा धरून पुणे जिल्ह्यात आकारणी केली आणि १८३० च्या सुमारास ती अमलात आली. निव्वळ उत्पन्नाचा अंदाज सदोष होता, कनिष्ठ नोकरांनी मोजणीत गैरप्रकार केले आणि त्यातच धान्याचे भाव घसरले होते. परिणामी सारा वसूल होईना. मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासकीय अहवालात पुढे मान्य करण्यात आले की या आकारणीमुळे पुष्कळ लोक घरेदारे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात पळून गेले आणि काही भागांत लागवडीयोग्य जमिनीपैकी जेमतेम एक-तृतीयांश जमीन वहिवाटीत राहिली.

हे स्थलांतर जुन्या परंपरेतीलच होते. पुणे जिल्ह्यातून नीरेपलीकडे सातारा व फलटणची संस्थाने होती, पूर्वेकडे निजामाचा मुलूख होता. रयतेने तुलना केली आणि निर्णय घेतला. या निर्णयाचा परिणामही जुन्याच रीतीने झाला. सरकारला माघार घ्यावी लागली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. प्रत्येक शेत हा आकारणीचा घटक मानून, जमिनीची प्रत आण्यांत ठरवून, पूर्वीपेक्षा हलका सारा ३० वर्षांसाठी कायम करण्यात आला. शेतकऱ्याला दरसाल राजीनामा देऊन नको असलेले शेत सोडण्याची मुभा मिळाली. पडीत जमीन पुन्हा लागवडीखाली आली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्यात रूढ केली.

परंतु या सुधारणेच्या पोटात एक मोठा बदल दडलेला होता. पूर्वीचा मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याचा हक्क शिल्लक राही. नव्या व्यवस्थेत सारा भरणारा तो खातेदार. सारा थकला की जमीन जप्त होऊ शके आणि राजीनामा दिला की संबंध तुटे. जमिनीला निश्चित मालकी व बाजारभाव मिळाल्याने सावकार ती गहाण घेऊ लागला आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने ताब्यातही घेऊ लागला. लोकसंख्या वाढत गेली तशी रिकामी जमीनही कमी झाली. आता गाव सोडणे म्हणजे प्रतीक्षा नव्हती. ते सर्वस्व गमावणे होते.

१८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि १८६५ नंतर ते कोसळले. इंदापूरची ३० वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास फेरआकारणी झाली व साऱ्यात मोठी वाढ करण्यात आली. या वेळी रयत पूर्वीसारखी परमुलखात गेली नाही. पुणे सार्वजनिक सभेने फेरआकारणीविरुद्ध चौकशी व अर्ज यांचा मार्ग धरला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यांच्या रोषाचे लक्ष्य कर्जरोखे होते. या उठावाची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व करभारात शोधणे योग्य नाही. तथापि निघून जाण्याचा जुना मार्ग अरुंद झाल्यावर असंतोष जागच्या जागी साचत गेला, ही बाब त्या कारणांत धरावी लागेल. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सरकारने कर्जाच्या प्रश्नास हात घातला.

निष्कर्ष

१) दख्खनमधील रयत करभाराची तुलना जाणीवपूर्वक करीत होती. या तुलनेत सारा, पट्ट्या, वेठ-बिगार, लष्कराचा उपद्रव आणि वसुली करणाऱ्याची वागणूक यांचा एकत्रित विचार होता.

२) कौल, इस्तावा आणि तगाई ही साधने राज्यकर्त्यांच्या औदार्याइतकीच रयतेच्या स्थलांतरक्षमतेतून जन्माला आली होती.

३) स्थलांतराची संधी विषम होती. उपरी शेतकरी व व्यापारी यांना ती अधिक, तर वतनदार बलुतेदार, महार आणि कर्जबाजारी यांना ती फारच कमी उपलब्ध होती.

४) मिरासदाराचा परत येण्याचा हक्क हा स्थलांतराला सुरक्षित करणारा घटक होता. ब्रिटिश महसूल पद्धतीत सारा निश्चित झाला, पण हा हक्क लोपला.

समारोप

आजच्या भारतात प्राप्तिकर केंद्राचा आहे आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने राज्याराज्यांतील अप्रत्यक्ष करांचा भेद बराच कमी केला आहे. त्यामुळे केवळ कर पाहून राज्य बदलण्याचा प्रश्न सामान्य कुटुंबापुढे क्वचितच येतो. उद्योगांना सवलती देऊन आपल्याकडे ओढण्याची राज्यांची चढाओढ मात्र चालू आहे आणि ती जुन्या कौलाची आठवण करून देते. दख्खनच्या इतिहासातून यासंबंधी एक बोध घेता येतो. दोन राज्यांतील करांचे दर ताडून पाहणे सोपे आहे. पण जाणाऱ्याला वाट आहे काय, तेथे त्याला उभे राहण्यास आधार आहे काय आणि उद्या परतावेसे वाटले तर घराचे दार उघडे आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवाचून ती तुलना अपुरी राहते. सतराव्या शतकातील कुणब्याला हे प्रश्न ठाऊक होते. त्याच्यावर कर बसविणाऱ्यांपैकी जे शहाणे होते त्यांनाही ते ठाऊक होते.